रफूत गाठ नसते

३ एप्रिल

वहिनी,

नमस्कार, आणि बिट्टीला आशीर्वाद. पत्राच्या डोक्यावर आणखी काय लिहायचं ते मला कधी जमलं नाही, म्हणून सरळ सांगतो. हे पाकीट मी डिंकाने बंद करणार आहे. हीच मोठी बातमी.

सहा वर्षं परदेशी पत्र टपालाच्या खिडकीवर उघडं द्यावं लागत होतं. म्हणून तर माझी पत्रं तशी असायची: तब्येत बरी, हवा बरी, दुकान बरं. तुम्ही एकदा लिहिलं होतंत की भावजी, तुमच्यापेक्षा औषधाच्या बाटलीवरचा कागद जास्त बोलतो. मी काय करणार, वाचणारा तिसरा होता. काल खिडकीवरचा तोच कारकून म्हणाला, चिकटवा की आता, कोण वाचतंय. घरी येऊन आधी एक रिकामं पाकीट चाटून बघितलं. कडू लागतं. विसरलोच होतो.

साहेब देश सोडून पळाला. तिकडे बातम्यांत बघितलं असेलच, पण त्यात आमची गल्ली नसणार. सकाळी बसवाल्याने मध्येच बस थांबवली आणि खाली उतरून नाचायला लागला. समोरच्या न्हाव्याने दिवसभर फुकट दाढ्या केल्या. ज्यांची सकाळीच झाली होती तेसुद्धा पुन्हा जाऊन बसले. मी आपला हातात सुई धरून दुकानाच्या दारात बावळटासारखा उभा. एका बाईने, ओळख ना पाळख, येऊन मला मिठी मारली आणि सुई गेली तिच्या खांद्यात. मी घाबरलो. ती म्हणाली, "टोचू दे हो, आज सगळं चालतं." मग आत येऊन मी रडलो, वहिनी. पंचेचाळिशीचा घोडा, इस्त्रीच्या टेबलावर डोकं ठेवून रडलो.

आता दादाचं. तुरुंगाची दारं उघडणार म्हणतात. ताप येऊन मेला म्हणणारा तो सरकारी कागद मी कधीच खरा मानला नाही. प्रेत दिलं नाही, कपडे दिले नाहीत, नुसता कागद दिला. पाणीपुरवठ्याच्या पंपावर असताना भर थंडीत कमरेइतक्या पाण्यात उभा राहणारा माणूस, शिंकला नाही कधी, आणि आत गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात तापाने गेला? कोणाला शिकवतात!

तुमची खोली झाडून ठेवली आहे. पलंगामागे बिट्टीचा करडा पायमोजा सापडला, एकच. त्याचा जोडीदार तेव्हाही सापडला नव्हता, आठवतं? दादाने आणि मी पलंग उलटा केला होता. हा धुऊन ठेवला आहे. पाय आता केवढा झाला असेल, तरी ठेवला.

लवकर लिहा. बंद करून लिहा.

तुमचा,
भावजी


२६ एप्रिल

भावजी,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी ते आधी उजेडात धरून बघितलं. बंद पाकीट म्हटलं की सरकारी कागदच, अशी सवय झालीय. आतलं तुमचं अक्षर दिसल्यावर फाडलं.

तुला आनंद झाला का, असं बिट्टीने विचारलं. विचार करून सांगते म्हणाले. अजून सांगितलेलं नाही. ती अकरा वर्षांची झाली आणि झोपेत इथल्या भाषेत बोलते. मी जागी असून मला ती नीट कळत नाही. म्हाताऱ्यांच्या घरात काम करते ते तुम्हाला माहीत आहे: अंथरुणं बदलायची, पाठी पुसायच्या, भरवायचं. तिथे एक आजी आहेत. रोज विचारतात, माझा मुलगा आला का? मुलगा कधीच गेलाय. पण आम्हाला शिकवलंय की "उद्या येईल" म्हणायचं, म्हणजे त्या नीट जेवतात. तर मी रोज सकाळी म्हणते, उद्या येईल. माझा इथल्या भाषेतला सगळ्यात चांगला उच्चार त्याच वाक्याचा आहे.

तुमची हौस मोडायची नाही मला. पण माझा माणूस एका सहीपायी गेला. खालच्या वस्त्यांना गढूळ पाणी सोडलं जातंय एवढंच लिहिलं होतं त्या अर्जात, आणि पहिली सही ह्यांची. ज्यांनी ह्यांना उचललं ते सगळेच साहेबाबरोबर पळाले का? का एकटा साहेबच पळाला?

एक मागते. तुमचा धंदाच मुळी भोकं झाकायचा आणि तुम्ही त्यात नको तितके हुशार. मला मात्र फाटलेलं फाटलेलंच दाखवा. दार उघडलं की काय दिसलं ते जसंच्या तसं लिहा. इथून एकदा निघाले तर मला परत आत घेणार नाहीत, असा इथला परवाना आहे. बिट्टीची शाळा, सगळं त्यावर आहे. यायचं तर एकदाच यायचं, आणि कशासाठी ते ठाऊक असायला हवं.

मोज्याचं वाचून हसू आलं. असू द्या तो. फेकू नका.

वहिनी


२ जून

वहिनी,

दार उघडलं. दादा बाहेर आला नाही.

जसंच्या तसं लिहा म्हणालात, म्हणून पहिल्या ओळीत लिहिलं. एवढी एक ओळ लिहायला मला महिना लागला, रागावू नका.

मी आणि न्हावी बरोबर गेलो होतो. त्याचा मुलगा दादाच्याच आठवड्यात उचललेला, ते तुम्हाला माहीत आहे. माणसं बाहेर यायला लागली तेव्हा आम्ही दोघंही ओरडत होतो, कोणाच्याही नावाने. पुढे पुढे येणाऱ्यांची संख्या कमी झाली, मग एक म्हातारा एकटाच आला, आणि मग झाडूवाला आला. तो म्हणाला, आत आता कोणी नाही, बाबांनो, मी सगळं झाडून आलो. न्हावी त्याच्याशी भांडला. झाडूवाल्याशी भांडून काय होणार, पण त्या वेळी तेवढाच माणूस समोर होता.

दुकानात काम भरपूर आहे, आणि कसलं ते ऐका. शिपाई, पहारेकरी, सगळ्यांचे गणवेश माझ्याकडे येतात. जुना बिल्ला उसवायचा, टाक्यांची भोकं रफू करायची, वर नवा बिल्ला लावायचा. नवं सरकार, नवा बिल्ला. पण जुन्या बिल्ल्याखालचं कापड विटलेलं नसतं ना, त्यामुळे त्याचा आकार गडद उरतो. नवा बिल्ला लहान आहे, त्याच्याने तो झाकला जात नाही. मी वर कळवलं. मोठा बिल्ला काढणार आहेत म्हणे.

एक कोट त्या तुरुंगातल्याच पहारेकऱ्याचा निघाला. माणूस तोच, कोट तोच. माप घेता घेता मी दादाबद्दल विचारलं. म्हणाला, त्या हिवाळ्यात मी रजेवर होतो. नंतर आणखी दोघांना विचारलं, तेही रजेवर होते. मग तुरुंग कोण चालवत होतं, कैदी? त्याचा कोट मी नीट शिवून दिला. एक टाका चुकला नाही, ह्याची मला लाज वाटते.

पण दार उघडलं आणि तो आला नाही, म्हणजे तो नाही असं होत नाही. डोंगरापलीकडे आणखी छावण्या आहेत. मी धीर सोडलेला नाही. तुम्हीही सोडू नका.

भावजी


३० जून

भावजी,

पत्र मिळालं. वाचलं. बिट्टीला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही वेळेवर जेवत जा.

वहिनी


८ सप्टेंबर

वहिनी,

बसून वाचा. उभ्या असाल तर बसा.

तुरुंगाचं कपड्यांचं कोठार उघडलं. शाळेच्या मैदानात दोऱ्या बांधून सगळे कपडे टांगले होते, ज्याने त्याने ओळखून न्यावेत म्हणून. माणसं दोऱ्यांमधून फिरत होती, बाह्या उचलून बघत होती. मला दादाचा तपकिरी स्वेटर सापडला. पहाटे उचलला तेव्हा अंगात होता तो.

ओळखला कसा ते ऐका, गंमत आहे. त्याला नेलं त्याच्या थोडेच दिवस आधी डाव्या कोपराला मी रफू केला होता, आणि तो असा की तेव्हा माझा मलाच सापडत नव्हता. पण ह्या वर्षांत मूळ लोकर विटली आणि माझी लोकर दुसऱ्या रंगाची, ती विटली नाही. लांबून कोपर उठून दिसलं. माझं काम पकडलं गेलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा मला आनंद झाला.

आता खरी गोष्ट. घरी आणून उलटा केला, तर उजव्या काखेत आणि कुशीला आतून तीन ठिकाणी शिवलंय. करड्या लोकरीने. आणि गाठी मारून.

बाबांचा पहिला नियम तुम्ही शंभरदा ऐकलाय: रफूत गाठ नसते. धागा आपल्याच बळावर धरला पाहिजे, गाठ मारली की ती आतून अंगाला टोचते. आख्ख्या घरात हे एकालाच जमलं नाही. लहानपणी दादाला दुकानात बसवला तर दर टाक्याला गाठ, तीही निरगाठ, दोनदा पिळलेली. बाबा म्हणाले, हा रफूगार नव्हे, हा बैल बांधणारा, ह्याला शाळेत घाला. तशाच गाठी आहेत, वहिनी. दोनदा पिळलेल्या. मी डोळे मिटून बोटांनी बघितल्या. डोळे हल्ली तसेही कामाचे नाहीत, पण बोटं खोटं बोलत नाहीत.

म्हणजे त्याने आत बसून तीनदा स्वेटर शिवला. सुई कुठून आणली देव जाणे, करडी लोकर तुरुंगाच्या घोंगडीची असणार. तीन भोकं पडायची म्हणजे एक-दोन हिवाळे तरी गेले. दुसऱ्या महिन्यात तापाने मेलेला माणूस स्वेटर शिवत बसत नाही. गळ्याशी एक मोठं फाटलंय, ते तसंच आहे, पण ते कोठारात खिळ्याला अडकून फाटलं असणार.

तेव्हा आता या. चौकशी कचेरीत बेपत्ता माणसाची फाइल उघडायची तर बायकोने स्वतः उभं राहावं लागतं, भावाचं चालत नाही. माझ्यापुढे त्यांनी एकच कागद टाकला, मयत म्हणून मान्य असल्याचा. मी तो सही न करता परत सरकवला. तुम्ही या, आपण दोघं मिळून त्यांच्या डोक्यावर बसू. गाठीला गाठ लागत जाईल आणि एक दिवस दादाची गाठ पडेल. हा विनोद त्याला सांगायला मी राखून ठेवलाय.

तुमचा,
भावजी


१ ऑक्टोबर

भावजी,

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. स्वेटर जपून ठेवा. उन्हात टाकू नका.

मला लगेच निघता येणार नाही. बिट्टीची परीक्षा आहे, परवान्याचंही काही चाललंय. तुम्ही मात्र डोंगरापलीकडे वगैरे जाऊ नका. थंडी पडायला लागली असेल, आणि तुमची छाती तुम्हाला माहीत आहे. दुकान बंद ठेवू नका. इतकी वर्षं थांबलो तसं आणखी थोडं थांबू.

ती करडी लोकर कशी आहे? म्हणजे जाड आहे की बारीक? सहज विचारते.

गळ्याशी किती फाटलंय?

वहिनी


१५ नोव्हेंबर

वहिनी,

हे पत्र रागाने लिहितोय, आधीच सांगून ठेवतो.

परीक्षा काय, परवाना काय. माणूस जिवंत असल्याची खूण मिळाली आणि तुम्ही मला लोकर जाड की बारीक विचारता? बारीक आहे. पुरे?

मी डोंगरापलीकडे जाऊन आलो. दोन छावण्या पाहिल्या. एक रिकामी होती, दुसरीच्या दारावर नवा बिल्ला लावलेला पहारा होता आणि आत माणसं होती. जुनी की नवी ते कळू दिलं नाही. स्वेटर दाखवला. फाटकावरचा हसला आणि म्हणाला, शिवायला आणलाय का? दोन दिवस बाहेर उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी छातीत धरलं. एका गाडीवाल्याने घरी आणून टाकलं. न्हाव्याने अंथरुणाशी बसून माझी काळजी घेतली, पेज करून भरवली.

आणि त्याला मी काय परतफेड केली ते ऐका. त्याच्या मुलाची विजार त्याला त्याच दोऱ्यांवर सापडली होती. तो म्हणाला, तू दादाचं वाचलंस तसं माझं वाच. एक बटण वेगळ्या दोऱ्याने लावलेलं होतं. मी म्हटलं, हे आत लावलंय, पोरगा तेव्हा जिवंत होता. वहिनी, त्या माणसाने मुलाची खाट परत मांडली. चादर घातली. आता गल्लीतले आणखी लोक कपडे घेऊन येतात. मी वाचतो. दुकानाला रफूचं काम कमी आणि हेच जास्त. मला ज्योतिषी म्हणा हवं तर. पण येताना माणसाचा जो चेहरा असतो तो जाताना नसतो, एवढं मी बघतो.

तुम्हाला यायचं नसेल तर तसं सांगा. तिकडे तुमचं काही बस्तान बसलं असेल, कोणी माणूस असेल, तर तेही सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे घेईन, पण बोलणार नाही.

भावजी


६ डिसेंबर

भावजी,

इथे माझं कोणी नाही. तुम्ही ते लिहिलंत, लिहून झाल्यावर तुम्हाला रात्रभर झोप लागली नसणार, म्हणून ते सोडून देते.

मला ज्या दिवशी लिहायला हवं होतं त्या दिवशी मी परीक्षा आणि परवाना लिहिला. आता लिहिते. त्या गाठी माझ्या आहेत.

रफूगाराच्या घरात सून म्हणून आले आणि मला सुई धरता येत नव्हती. माझ्या आईला शिवणाचा कंटाळा, म्हणून मलाही ते कधी आलं नाही. तुमच्या घरी पहिल्याच आठवड्यात बाबांनी माझ्यापुढे उसवलेली उशी टाकली आणि म्हणाले, बघू तुझा हात. मी उशी घेऊन खोलीत आले आणि रडत बसले. ह्यांनी दार लावलं आणि मला शिकवलं. ह्यांना तरी कुठे येत होतं! जसं येत होतं तसं शिकवलं. दोनदा पिळायचं आणि घट्ट ओढायचं. बाबांनी उशी उलटी करून बघितली आणि म्हणाले, ही तर थोरल्याने शिवलीय, बायकोचं काम करतो गुलाम. आम्ही दोघांनी ते तसंच चालू दिलं. पुढे मी घरात जे जे शिवलं ते सगळं तुम्ही सगळे "दादाची गाठ" म्हणून हसत होतात, आणि हे माझ्याकडे बघून मान खाली घालून जेवत होते. आमच्या संसारात तेवढीच एक चोरी होती आणि ती फार गोड होती.

ह्यांना नेलं त्याच्या आदल्या संध्याकाळी मी स्वेटर काखेत आणि कुशीला शिवला. तपकिरी लोकर घरात नव्हती. तुमच्याकडे मागायला आले असते तर तुम्ही म्हणाला असता, आणा, मी करतो, आणि माझं उघडं पडलं असतं. म्हणून बिट्टीचा एक पायमोजा उसवला. मग तुम्ही दोघं पलंग उलटा करून तो शोधत होतात तेव्हा हे मला डोळे मिचकावत होते. तुमच्याजवळ आहे तो दुसरा. दिवसा, खिडकीशी, स्वेटरच्या शेजारी धरून बघा.

मी हे तुम्हाला सांगणार नव्हते. तुमचं पत्र वाचलं आणि ठरवलं की भावजींना ह्या गाठीवर जगू दे. मला सवयच आहे, रोज सकाळी म्हणते, उद्या येईल. पण तुम्ही आजारी पडलात. आणि न्हाव्याने खाट मांडली.

परवा त्या आजी मला म्हणाल्या, तू चांगली आहेस गं, पण तू रोज तेच सांगतेस. खरं सांगणारी कोणी असेल तर पाठव. मी त्यांच्याजवळ बसले आणि सांगितलं. नोकरी जाईल ही भीती होतीच. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाल्या, मग आता ते दार लावून घे, केव्हापासून वारा येतोय. मुलगा येईल म्हणून त्या ते उघडं ठेवायला लावत होत्या. मला ते माहीतच नव्हतं.

बिट्टीला काल सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं, तूच वेळ लावलास.

गळ्याशी किती फाटलंय ते तुम्ही लिहिलं नाहीत. आता लिहा.

वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

हे पाकीट उघडं येईल. खिडकीवर पाटी लागली आहे: परदेशी पत्रं न चिकटवता द्यावीत, शांततेसाठी. कारकून तोच. माझ्याकडे बघत नव्हता. तेव्हा वाचणाऱ्या साहेबांनाही नमस्कार. इथून पुढचं घरगुती आहे, पण तुम्हाला दुसरं काम काय आहे, वाचा.

मोजा खिडकीशी धरून बघितला. तोच आहे.

मी तुमच्यावर रागावलो नाही. एक दिवस रागावलो. मग हसू आलं, की बाबांनी जन्मभर कपडे वाचले आणि त्यांना सुनेचा हात ओळखता आला नाही. मीही तसाच निघालो. दादा तिकडे कुठे असेल तर पोट धरून हसत असेल.

तुम्ही गळ्याचं विचारलंत. फाटलेलं फाटलेलंच दाखवा म्हणाला होतात, तर दाखवतो. खिळ्याला अडकून फाटलं तर वीण एका बाजूला ओढली जाते. ही दोन्ही बाजूंनी ओढली गेली आहे, पुढून, मुठीने धरल्यासारखी. हे मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. आणि कोपरावरचा माझा रफू अजून फुगीर आहे, झिजलेला नाही. म्हणजे त्यानंतर तो स्वेटर कोणी फार दिवस घातलेला नाही. दुसरा महिनासुद्धा कागदावरचाच, तो त्याआधीच गेला असणार. ज्याला साधं भोक दिसलं की गाठ मारल्याशिवाय चैन पडत नसे, त्याने गळा तसा ठेवलाच नसता. हे सगळं माझ्या बोटांखाली होतं आणि मी तुमच्या गाठी मोजत बसलो होतो.

न्हाव्याकडे गेलो. दाढीला बसलो आणि वस्तरा गळ्याशी आला तेव्हा सांगितलं, की मी चुकीचं वाचलं, बटणावरून काही कळत नाही. मनात म्हटलं, वस्तरा हातात असताना त्याला काय करायचं ते करता यावं. वस्तरा थांबला. मग त्याने दाढी पूर्ण केली, दोन्ही बाजू, अगदी नीट. पैसे घेतले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घेतले. अजून बोलत नाही माझ्याशी. खाट त्याने काढलेली नाही. बाकीच्यांच्याही घरी जाऊन आलो. एका बाईने दारच उघडलं नाही, आतून म्हणाली, तुमचं पहिलंच बरोबर होतं.

नंतर कचेरीत गेलो आणि तो कागद मागून घेतला. कारकुनाने विचारलं, ओळख कशावरून पटली? म्हटलं, गाठीवरून. कोणाच्या? म्हटलं, बायकोच्या. त्याने वर बघितलं, मी चेष्टा करतोय का ते. मग तसंच लिहिलं. खाली मी सही केली. आमच्या घरातली ही दुसरी सही. पहिली दादाने केली होती, तिची बरोबरी होणार नाही.

तुम्ही येऊ नका. इथे आता मोठे बिल्ले आले आहेत. त्यांच्याखाली सगळं झाकलं जातं.

स्वेटर वेगळ्या पुडक्यात पाठवतोय. बिट्टीला सैल होईल, पण पोरी वाढतात. तुमच्या तिन्ही गाठींना मी हात लावलेला नाही. गळा शिवला. त्यासाठी उरलेला पायमोजा उसवला, तेवढीच लोकर त्याला साजली असती. रफू नीट केला, बाबांनाही सापडला नसता, पण शेवटी धागा तोडताना मी गाठ मारली. दोनदा पिळून.

बिट्टीला म्हणावं, गळ्याशी आतून टोचेल. टोचू दे.

तुमचा,
भावजी